राईनपाडा हत्याकांड

राईनपाडा हत्याकांड ही महाराष्ट्रातील धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ रोजी घडलेली सामूहिक हत्येची घटना होय. मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना ठार मारले. समाजमाध्यमांवरील अफवा आणि अनोळखी माणसाच्या विश्वासार्हतेची पारख या विषयांच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख वारंवार येतो.

पार्श्वभूमी

डवरी गोसावी समाज परंपरेने भिक्षेवर उपजीविका करतो. गावी घर असलेली कुटुंबेही वर्षातील काही महिने परमुलखात पाल ठोकून राहतात. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले यांच्याप्रमाणे अशा फिरस्त्यांना गाव वेशावरून व वाद्यावरून ओळखत असे; नाव ठाऊक नसले तरी येण्याचे कारण ठाऊक असे. मात्र भटक्यांकडे संशयाने पाहण्याची सवयही जुनीच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही.

अफवा

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सॲपवरून देशाच्या अनेक भागांत फिरत होते. त्यांसोबत पसरलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी मूल सुखरूप परत सोडले जाते. नेमका तेवढा भाग कापून ती पसरविण्यात आली.

अशा संदेशाचा मूळ कर्ता वाचणाऱ्याला पूर्णपणे अनोळखी असतो. तो पुढे पाठविणारा मात्र भाऊबंद, शेजारी किंवा शाळासोबती असतो, आणि त्याच्यावरचा विश्वास न कळत संदेशालाही लाभतो. ‘हे तुला कोणी सांगितले?’ हा गावगप्पांत सहज विचारला जाणारा प्रश्न येथे बहुधा विचारलाच जात नाही.

घटना

तो रविवार, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराचा दिवस होता. एसटी बसमधून उतरलेल्या पाच जणांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्यावरून संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना मारहाण करीत ग्रामपंचायत कार्यालयात नेले आणि तेथील खोलीत ते मरेपर्यंत मारले. मृतांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. त्यांनी आधार कार्डे दाखविली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. म्हणजे निनावी चित्रफीत खरी मानली गेली आणि हाती दिलेले सरकारी ओळखपत्र खोटे.

त्याच दिवशी रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे, अशाच संशयावरून, भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यात दोन वर्षांचे मूलही होते. स्थानिक रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आश्रय दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. राईनपाड्याच्या तुलनेत ही घटना फारशी लक्षात ठेवली गेली नाही.

परिणाम

पोलिसांनी अनेक संशयितांना अटक केली व राज्य शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना आर्थिक मदत जाहीर केली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींविषयी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमणे हा त्यांतील एक होय.

व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. खुणेमुळे संदेश पाठविणाऱ्याचा स्वतःचा नाही एवढे कळते. तो मुळात कोणाचा, हे कळत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे. केवळ अफवेवरून झालेल्या हत्येचा तीत नावानिशी उल्लेख नाही.