लढाऊ जातीचा शिक्का

सध्या पोस्टिंग बेंगळुरूला आहे. उल्सूर तलावाजवळच्या मद्रास सॅपर्सच्या सेंटरवरून जाताना एक जुनी गोष्ट आठवते आणि लाज वाटते. नवीन भरती झालो होतो तेव्हा मेसमध्ये एका तमिळ जवानाला मी म्हणालो होतो, "तुम्ही कारागीर माणसं. लढणं आमचं काम." तो नुसता हसला.

ते वाक्य माझं नव्हतं, इंग्रजांचं होतं. लॉर्ड रॉबर्ट्स 1881 पासून मद्रास फौजेचे आणि पुढे 1893 पर्यंत साऱ्या हिंदुस्थानी फौजेचे सरसेनापती. थंड उत्तरेतला माणूस जन्मतः शूर, उष्ण दक्षिणेतला मऊ, असं ते मानत. हीच समजूत 'लढाऊ जाती' या नावाने भरतीचं धोरण झाली. मद्रासच्या पायदळ पलटणी घटत गेल्या, सॅपर्स तेवढे टिकले. त्याच सॅपर्सच्या सुभेदार सुब्रमण्यम यांनी 1944 मध्ये इटलीत साथीदारांना वाचवायला सुरुंगावर स्वतःचं अंग टाकलं. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

महाराष्ट्रातही तीच पट्टी लागली. 1818 मध्ये कोरेगावला लढलेल्या महारांची भरती 1892-93 च्या सुमारास बंद झाली. जातिभेद आपलाच होता, इंग्रजांनी त्यावर सरकारी शिक्का मारला. मराठ्यांची भरती मात्र चालू राहिली. त्यात माझे पणजोबा होते.

सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म 1891 चा, महूच्या छावणीतला. त्यानंतर लगेच ती वाट बंद झाली. पगार, पेन्शन, पोरांची शाळा, सगळंच गेलं. आमच्या गावात ते आजही दिसतं. आमचं दगडी घर पणजोबांच्या पेन्शनीवर उभं राहिलं. वेशीबाहेरच्या घरांना पक्क्या भिंती माझ्या डोळ्यांदेखत आल्या. पणजोबांनी घाम गाळला, हे खरं. पण भरतीच्या रांगेत उभं राहायची मुभा त्यांनाच होती, हेही खरं.

महार रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली. तिचे परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन 1987 मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडले. तमिळ अधिकारी, महार पलटण. रॉबर्ट्सच्या हिशेबात दोघंही बाद होते.

माजी सैनिक मंडळींना एकच विनंती. गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या तोंडी माझं ते वाक्य आलं, तर हसून सोडू नका. तिथेच थांबवा.

जय हिंद.