वाडा, मराठी साहित्यातील
जमीनदार कुटुंबाचे चौसोपी निवासस्थान व त्याचा ऱ्हास हा आधुनिक मराठी साहित्याचा एक लक्षणीय विषय. आयर्लंडमध्ये मरिया एजवर्थच्या कॅसल रॅकरेंट (१८००) या कादंबरीपासून अशा लेखनाची परंपरा सुरू झाली. तेथे जमीनदार व कुळे बहुधा भिन्नधर्मीय होती. महाराष्ट्रात धर्म व भाषा एक. अंतर होते ते जातीचे. गांधीहत्येनंतर, १९४८ मध्ये, ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, ती व्यंकटेश माडगूळकरांच्या वावटळ (१९६४) या कादंबरीचा विषय आहे. वाड्यांचा आर्थिक पाया मात्र कुळकायद्यांनी खचला : मुंबई राज्यात १९४८ च्या, तर विदर्भात १९५८ च्या.

महेश एलकुंचवार (जन्म १९३९) यांचे वाडा चिरेबंदी (१९८५) हे नाटक या विषयावरील सर्वांत समर्थ कृती होय. धरणगावकर देशपांड्यांचा कर्ता पुरुष वारल्यावर मुंबईचा मुलगा गावी येतो. दारात नादुरुस्त ट्रॅक्टर उभा, बहीण प्रभा शिक्षणावाचून घरात कुजलेली, नात रंजू दागिने घेऊन पळून जाते. वाड्यावर कोणी चालून येत नाही. दिवसकार्याचा इतमाम राखण्यासाठी घरचीच माणसे तो पोखरतात. कायद्याला दोष देऊन लेखक त्यांना सोडवीत नाही, हे विशेष. मग्न तळ्याकाठी व युगान्त या नाटकांनी ही त्रयी पूर्ण झाली.