संशोधनातील सहभागींची जोखीम

माणसांवरील अभ्यासात सहभागी व्यक्तीला शारीरिक, मानसिक, सामाजिक वा आर्थिक इजा होण्याची शक्यता. ही शक्यता अभ्यास सुरू होण्याआधी जोखायची आणि जमेल तितकी कमी करायची असते. सुईची इजा चटकन दिसते, सामाजिक इजा दिसत नाही. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी क्षयरोगाच्या अभ्यासातली कार्यकर्ती एकाच दारात वरचेवर दिसू लागली, की गल्लीत कुजबुज सुरू होते आणि त्या घरातल्या मुलीची सोयरीक अडू शकते. तिथे नावाऐवजी क्रमांक लिहिणे आणि भेट दवाखान्यात ठेवणे हाच उपाय.

जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार कैद्यांना ती दिली. बाकीचे तुलनेसाठी लशीविना राहिले. लस उपयोगी ठरली. पण कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा, हे आजची एथिक्स कमिटी आधी विचारील. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल येथे याच लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचा संसर्ग होऊन 19 जण दगावले.

लशीविना राहिलेल्यांचा पेच शंभर वर्षांनी मुंबईतच पुन्हा उभा राहिला. टाटा मेमोरियलने 1998 पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. एका गटाची दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी होई. दुसऱ्याला फक्त आरोग्यशिक्षण मिळे. तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयमुखाच्या पेशी पाहणाऱ्या पॅप तपासणीचा उपयोग ठाऊक असताना दुसरा गट तपासणीविना का ठेवला, असा आक्षेप आला. देशात सरसकट तपासणी होतच नाही, हे संशोधकांचे उत्तर. उत्तर खरे होते, पण पुरेसे नव्हते: व्यवस्थेची उणीव अभ्यासाचा पाया झाली, की तिचा भार सहभागी स्त्रीवरच पडतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे जोखमीचे चार स्तर मानतात: किमानहून कमी, किमान, किमानहून किंचित अधिक आणि उच्च. एथिक्स कमिटीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी आणि सामान्य व्यक्तीही लागते. औषधचाचण्यांना केंद्र सरकारचे 2019 चे नियम लागू आहेत. उपलब्ध प्रमाणित उपचार न देता प्लासिबो दिल्यामुळे इजा झाली, तर त्याचीही भरपाई प्रायोजकाला द्यावी लागते.