चित्रकारांच्या गरजेतून घडलेला कागद

जपानी पद्धतीच्या रंगकामासाठी आज सर्रास वापरला जाणारा कागद म्हणजे कुमोहादा-माशी. जाड, चिवट, अंगावर लांब तंतूंचे ढगांसारखे पुंजके असलेला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असावा असंच वाटतं, पण त्याचा जन्म १९२६चा.

त्याचे पूर्वज मात्र खरोखर जुने. ६१० साली कोरियातून आलेल्या दोन्चो या भिक्षूला कागद आणि शाई करता येत होती, अशी नोंद ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. पुढे नारा काळात भांगेच्या वाखाचा कागद मानाचा होता. पण तो वाख बारीक करणं फार कष्टाचं. तुतीच्या नात्यातल्या कोझोची साल त्यामानाने सहज कुटली जाते, तेव्हा कागदकार तिकडे वळले आणि वाखाचा कागद लोपला. चित्रकारांकडे रंगवायला रेशीम होतंच.

एचिझेन भागातले कागदकार इवानो हेइझाबुरो यांनी विसाव्या शतकात हा लोपलेला कागद पुन्हा उभा केला. इतिहासकार नाइतो कोनान यांनी त्यांना या कामाला उद्युक्त केलं. योकोयामा ताइकान आणि ताकेउची सेइहो यांच्यासारखे चित्रकार कागद वापरून बघत आणि काय हवं ते सांगत. हेइझाबुरोंनी वाखात कोझो मिसळला आणि कुमोहादा-माशी घडला. १९२७ साली ताइकान आणि शिमोमुरा कान्झान यांनी वासेदा विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी ‘मेइआन’ हे प्रचंड चित्र रंगवलं, त्याचा सुमारे साडेपाच मीटर लांबीरुंदीचा एकसंध कागदही हेइझाबुरोंकडेच घडला. एवढा ताव हातांनी पाण्यातून उचलायचा, ही कल्पनाच मला थक्क करते.

हे साधतं एका बुळबुळीत रसामुळे. भेंडीच्याच कुळातल्या तोरोरो-आओइच्या मुळ्या ठेचून तो काढतात. पाण्यात मिसळला की तंतू तळाशी बसत नाहीत, गुठळ्या होत नाहीत आणि पाणी चाळणीतून सावकाश निथळतं. थंडीत हा रस जास्त टिकतो, म्हणून उत्तम कागद हिवाळ्यातला.

कागद निवडताना आधी रंग कोणता ते ठरवावं. शाईची ओली रेघ पसरू द्यायची असेल तर कोरा, म्हणजे कसलाही लेप न दिलेला, कागद घ्यावा. बारीक रेखाटनाला गांपी या झुडपाच्या सालीचा, गुळगुळीत आणि किंचित चमकणारा. दगड वाटून केलेले रंग सरसात कालवून थरांवर थर चढवायचे असतील, तर ते वजन कुमोहादा-माशीच पेलतो. मात्र त्याला आधी दोसा, म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी, लावलेलं असावं लागतं. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा: लगेच शोषला गेला तर दोसा कमी पडलाय. तुरटी जास्त झाली, तर मात्र कागद आम्लधर्मी होऊन काही वर्षांनी पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून ती हात राखूनच घालावी.