स्पेस गेमच्या नकाशावर तारे एकमेकांवर चढलेले का दिसतात?

'एलिट डेंजरस' खेळणाऱ्या नवख्यांची हमखास फसगत होते ती गॅलेक्सी मॅपवर. दोन तारे अगदी खेटून दिसतात. कर्सर एकावर नेला की निवडला जातो दुसराच, आणि शेजारचा वाटलेला तारा प्रत्यक्षात शेकडो प्रकाशवर्षं लांब निघतो.

हा बग नाही. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सनं 2014 मध्ये आणलेल्या या गेममध्ये आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापानं उभी केली आहे. सुमारे 400 अब्ज तारासंस्था! त्यातले काही तारे खगोलशास्त्राच्या कॅटलॉगमधून घेतलेत, बाकीचे संगणकानं तयार केलेत. ही सगळी त्रिमितीय गर्दी सपाट स्क्रीनवर आली की पुढचा आणि मागचा तारा एका रेषेत येणारच. लांबी-रुंदी दिसते, खोली हरवते.

खऱ्या आकाशातही हेच होतं. मकर राशीतली 'अल्गेडी' ही ताऱ्यांची जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यातला एक तारा साधारण 100 प्रकाशवर्षांवर आहे आणि दुसरा त्याच्या कित्येक पट लांब. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. लग्नात दाखवतात ते वसिष्ठ-अरुंधती मात्र दोघंही 80 प्रकाशवर्षांच्या आसपास आहेत. म्हणजे ती जोडी खरीच!

चूक झाली तर काय बिघडतं?

बरंच काही. प्रत्येक उडीला इंधन लागतं आणि ताऱ्यांकडून घ्यायचं तर ते फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांजवळ भरता येतं. दोन ठिपके एकावर एक असताना पिवळ्या ताऱ्याऐवजी मागचा ब्राउन ड्वार्फ निवडला गेला आणि टाकी तळाला असेल, तर जहाज तिथेच अडकतं. जहाज उडवून दिलं तर न विकलेला सगळा शोध-डेटा जातो. लांबच्या मोहिमेवर ही कित्येक आठवड्यांची मेहनत असते. अशांना फुकटात इंधन पोहोचवणारा 'फ्युएल रॅट्स' नावाचा खेळाडूंचाच एक गट आहे, यावरूनच काय ते समजा.

उपाय साधा आहे. नकाशा फिरवा. कोन बदलला की जवळचा आणि लांबचा तारा वेगळे होतात. ताऱ्याच्या वर्गाचा फिल्टर लावला तर गर्दीही कमी होते. निवड पक्की करण्याआधी नाव आणि अंतर वाचायचं, बस.

'स्टारफील्ड'मध्ये उलटी गंमत आहे. टोलिमन हे अल्फा सेंटॉरीतल्या 'बी' ताऱ्याचं नाव. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल युनियननं 2018 मध्ये ते मान्य केलं. 'ए' आणि 'बी' हे तारे सुमारे 80 वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात, म्हणजे संस्था एकच. पण 2023 मध्ये आलेल्या या गेमच्या नकाशावर अल्फा सेंटॉरी आणि टोलिमन असे दोन वेगळे ठिपके आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जायला चक्क ग्रॅव्ह जंप मारावी लागते.