तलवारवरचा नाश्ता

आमच्या वाडीतला एक मुलगा अग्निवीर म्हणून नौदलात लागला. ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंगसाठी निघाला, तेव्हा त्याची आई मला विचारत होती, "गुरुजीनू, थंय पोरांका मारतत काय ओ?" मी म्हटले, "नाय गो, शिस्त आसता इतकीच."

उत्तर देऊन बसलो, पण रात्री १९४६ सालचे नौदलाचे बंड डोक्यात घोळत राहिले.

आपला सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. त्याआधीच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून नौदलात खलाशी जाण्याची रीत फार जुनी. दुसऱ्या महायुद्धात भरती वाढली आणि देशभरातली शिकलेली पोरेही आली. मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचा तळ होता. तिथे संदेशवहनाचे शिक्षण मिळे. कमांडर किंग हे तिथले प्रमुख. त्यांनी पोरांना आईबापावरून शिव्या दिल्या. चौदा जणांनी रीतसर अर्ज केले. दखल घेण्याऐवजी, खोटी तक्रार हा गुन्हा असतो, अशी समज त्यांनाच मिळाली!

१८ फेब्रुवारीच्या सकाळी पोरांनी निकृष्ट नाश्ता नाकारला. अन्न नाही तर काम नाही, एवढेच म्हणणे. पाहता पाहता ७८ जहाजे आणि सुमारे वीस हजार खलाशी संपात उतरले. २३ तारखेला त्यांनी शरणागती पत्करली, पण तोवर मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात गेली होती. पुढे शेकडो खलाशांना नोकरीतून काढले.

स्वातंत्र्याची ओढ त्यामागे होतीच. बलाईचंद्र दत्त यांनी तळाच्या भिंतींवर आधीच 'भारत छोडो' लिहिले होते. आझाद हिंद सैनिकांना सोडा, ही मागणीही होती. पण मागण्यांच्या यादीत बरे जेवण, गोऱ्यांइतका पगार आणि किंगवर कारवाई हेही होते. कवायत कमी करा, असे कोणी म्हणाल्याचे माझ्या वाचनात नाही. कष्टाला ही पोरे भ्याली नव्हती. अपमान आणि बंद कान, हे मात्र त्यांना सोसवेना.

आता माझे सांगतो. एका मुलाला मी भर वर्गात 'दगड' म्हणालो होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याने हात वर करणेच सोडले. वर्ग चिडीचूप झाला आणि त्या शांततेला मी शिस्त समजलो. आज कळते, ती शिस्त नव्हती. तो मुलगा आतून मिटला होता.

म्हणून सकाळी उठून त्या माऊलीकडे गेलो आणि सांगितले, "फोन इलो की जेवलंस मां, ह्या तू इचारतलंसच. पण तुझा कोण आयकून घेता मां, ह्यापण इचार."