वैमानिकांची हाकेची नावे

मराठी मुलखात माणसाला दोन नावे असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. १८५७ च्या त्या सेनानीचे नाव रामचंद्र पांडुरंग होते हे अभ्यासकांना ठाऊक. लोकांना ठाऊक आहेत ते तात्या टोपे. बारशाचे नाव पत्रिकेत राहते आणि लोकांच्या तोंडी बसते ते दुसरेच. वैमानिकाच्या वाट्याला मात्र तिसरेही एक नाव येते. बिनतारी यंत्रावरून हाक मारण्यासाठी ठरवून दिलेले सांकेतिक नाव निराळे, आणि मेसमध्ये सोबत्यांनी चिकटवलेले टोपणनाव निराळे. या दोहोंची कुळे मूळची वेगळी. त्यांची सोयरीक पुढे झाली.

पहिल्या महायुद्धातील लढाऊ विमानांत परस्परांशी बोलण्याची सोय नव्हती. एकदा उड्डाण केले की हातवारे, पंखांची हालचाल आणि आकाशात सोडलेले रंगीत बाण एवढीच काय ती भाषा. साहजिकच त्या काळची गाजलेली नावे ही कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून पडलेली आहेत. मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन या जर्मन उमरावाने आपले विमान तांबडे रंगवले, आणि शत्रूची ऐंशी विमाने पाडून २१ एप्रिल १९१८ रोजी तो पडला तो जगाच्या स्मृतीत ‘रेड बॅरन’ होऊन राहिला.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमानात बिनतारी संभाषण आले आणि नावाचा प्रश्न एकदम जोखमीचा झाला. आपण बोलतो ते शत्रूही ऐकतो. एखाद्या अधिकाऱ्याचे खरे नाव हवेत उच्चारले तर त्याचे पथक कोठे आहे हे शत्रूला आयतेच कळावयाचे. शिवाय धडधडणाऱ्या इंजिनाच्या शेजारी लांबलचक नाव ऐकू येणार कसे, आणि एकाच पथकात दोन स्मिथ असले तर वळावयाचे कोणी? म्हणून पथकाला एक बनावट नाव, तुकडीला रंग आणि वैमानिकाला आकडा देण्याची रीत ब्रिटिश हवाई दलात रूढ झाली. ‘तांबडी तुकडी, क्रमांक दोन’ म्हटले की ज्याने ओळखावयाचे त्याने ओळखावे. या कोरड्या व्यवस्थेतही विनोदाने शिरकाव केलाच. विमान अपघातात दोन्ही पाय गमावलेला डग्लस बेडर विंगचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या विमानावर त्याची आद्याक्षरे रंगवली गेली. ती डी आणि बी. त्यांवरून त्याचे सांकेतिक नाव पडले ‘डॉग्जबॉडी’, म्हणजे हरकाम्या पोऱ्या.

टोपणनावाचा उपयोग कधी शत्रूची दिशाभूल करण्यासाठीही झाला. रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने टिपणारा जॉन कनिंगहॅम याला वृत्तपत्रांनी ‘मांजरडोळ्या’ ठरवले. गाजरे खाल्ल्याने ब्रिटिश वैमानिकांची दृष्टी तीक्ष्ण होते असेही पसरवण्यात आले. खरे डोळे होते ते विमानात बसवलेल्या रडारचे, आणि तेच तर लपवावयाचे होते. हे नाव कनिंगहॅमला आवडत नसे म्हणतात; पण आवडीनिवडीला येथे विचारतो कोण? स्वतःचे टोपणनाव स्वतःच ठेवणारा वैमानिक सोबत्यांत हास्यास्पद ठरतो. अमेरिकी नौदलात तर नवागताच्या एखाद्या फजितीवरून सगळे मिळून त्याचे बारसे करतात, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळापासून तेच नाव बिनतारी हाकेसाठीही वापरले जाऊ लागले. १९८६ च्या ‘टॉप गन’ या चित्रपटाने ती रीत जगभर नेली. मात्र त्यातली नावे फारच रुबाबदार आहेत. खऱ्या नावांत रुबाबापेक्षा थट्टा अधिक असते.

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत आपल्या भाषेने एका मात्रेचेच अंतर राखले आहे. परक्या मेसमध्ये बसलेल्या भारतीय वैमानिकाच्या बाबतीत ते किती होते, हा मला या विषयातला खरा प्रश्न वाटतो.

ऑक्सफर्डला शिकलेल्या हरदितसिंग मलिक यांना ब्रिटिश विमानदलाने प्रथम अधिकारी म्हणून घेतले नाही. ते फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले, आणि १९१७ मध्ये त्यांना विमानदलात प्रवेश मिळाला. पगडी उतरवणे त्यांना मान्य नव्हते. तिच्यावर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी खास बनवून घेतले. ते पाहून सोबत्यांनी त्यांना ‘फ्लाइंग हॉबगॉब्लिन’ म्हणावयास प्रारंभ केला. हॉबगॉब्लिन म्हणजे आपल्याकडच्या मुंजाचा विलायती भाऊबंद! या नावात टिंगल नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्या टिंगलीने पगडी होती तेथेच राहू दिली, हेही खरे. पायात गोळ्या घेऊन मलिक त्या युद्धातून वाचले, पुढे आमच्याच पेशात, म्हणजे आय. सी. एस. मध्ये आले आणि फ्रान्समध्ये स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. त्यांचे समकालीन इंद्रलाल रॉय यांना ‘लॅडी’, म्हणजे पोरगा, म्हणत. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय मिळवून ते पडले, तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. वैमानिक आपले, पण मेस इंग्रजी रिवाजाची, आणि नावेही त्याच घाटाची. करुणकृष्ण मजुमदार हे ‘जंबो’ झाले. १९४२ साली ब्रह्मदेशात लायसँडरसारख्या मंद टेहळणी विमानांवर बॉम्ब लादून त्यांनी जपानी तळांवर हल्ले केले. ‘डी. एफ. सी.’ हे पदक दोनदा मिळवणारे ते एकमेव भारतीय. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोर येथे कसरतीची उड्डाणे करताना त्यांचा अंत झाला. आजही हवाई दलाचा इतिहास त्यांना जंबो मजुमदार असेच म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर नावांचा सूर पालटला. मेहरसिंग हे ब्रह्मदेशच्या लढाईतले ‘डी. एस. ओ.’चे मानकरी. डिसेंबर १९४७ मध्ये वेढ्यात सापडलेल्या पूंछच्या कच्च्या धावपट्टीवर त्यांनी डाकोटा उतरवले. २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन ते लेहला उतरले. समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून उंच अशा त्या जागी तोवर विमान उतरले नव्हते, आणि वाटेतल्या हिमशिखरांसाठी ते विमान मुळी घडवलेलेच नव्हते. अशा माणसाला हाताखालच्या लोकांनी ‘मेहर बाबा’ म्हणावे हे स्वाभाविक होते. (आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा ते वेगळे.) ‘जंबो’ हे बरोबरीच्यांनी दिलेले नाव, ‘बाबा’ हे पंजाबी घरातल्या वडीलधाऱ्यासाठी असलेले. इंग्रजी मेसच्या दारातून आपले घर आत आले, ते असे. मेहरसिंग १९५२ मध्ये विमान अपघातात गेले. २०१८ मध्ये हवाई दलाने थव्याने उडणाऱ्या ड्रोनसाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा तिला हुद्दा व आडनाव वगळून ‘मेहर बाबा’ एवढेच नाव दिले. सरकारी कागदावर टोपणनाव चढलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

१४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी सहा पाकिस्तानी सेबर विमानांनी श्रीनगरच्या तळावर हल्ला केला. दोन नॅट विमाने प्रतिकारासाठी उडाली. पुढे घुम्मन, ज्यांना सोबती आडनावावरून ‘जी-मॅन’ म्हणत, आणि मागे निर्मलजितसिंग सेखों. सेखों भेटेल त्याला ‘ब्रदर’ म्हणत, म्हणून सारे पथक त्यांनाच ‘ब्रदर’ म्हणू लागले होते. दिलेली हाक अशी परत फिरून आपल्यालाच चिकटावी, हा प्रकार विरळा. पुढारी विमानाचा संपर्क तुटला आणि सेखों एकटेच सेबरांशी झुंजत राहिले. त्यात त्यांचे विमान पडले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलातील एकमेव अधिकारी. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. तेथे अर्थातच आडनाव घातले आहे.